जुन्या इंग्लंडचा शेतकरी अभ्यासायचा तर सुरुवात कुठून करायची

जळगाव-धुळ्याकडे इतिहासात एमए करणाऱ्या पोरापोरींनो, अँग्लो-सॅक्सन म्हणजे १०६६ आधीचं इंग्लंड म्हटलं की राजांची लिस्ट पाठ करत बसू नका, डायरेक्ट बांधावर जा.

आधी वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या एका राज्याच्या, राजा इनेचे कायदे घ्या, साधारण ६९० चे. त्यात कुंपणाचं एक कलम आहे, सामाईक शेतात काहींनी आपल्या वाट्याचं कुंपण घातलं, काहींनी नाही, आणि गुरं घुसून पीक खाल्लं तर ज्यांनी वाट मोकळी ठेवली त्यांनी बाकीच्यांना भरपाई द्यायची. हे दोनदा वाचा, कारण चेओर्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी इथं भेटतात, आणि फार जिवंत भेटतात.

मग अकराव्या शतकातल्या गेबुरकडे या, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याकडे. याला मालक २ बैल, १ गाय, ६ मेंढ्या आणि ७ एकर पेरलेली जमीन द्यायचा, बदल्यात आठवड्याला २ दिवस मालकाकडे राबायचं, सुगीत ३ दिवस, आणि मेला की मागे उरलेलं मालक ताब्यात घेणार. आपला सालदार डोळ्यासमोर आणा पण फरक वहीत लिहा, सालदार आखाजीला हिशेब करून दुसरा मालक धरतो, गेबुरला ते एवढं सोपं नव्हतं.

मधल्या काळात काय झालं, स्वतंत्र चेओर्लकडून बांधलेल्या गेबुरपर्यंत गोष्ट कशी आली, हे शोधताना एकच कारण पकडू नका. राजाने चर्चला आणि सरदारांना दिलेल्या जमिनी बघा, जड नांगर बघा ज्याला आठ-आठ बैल लागायचे आणि एकट्याला ते झेपायचं नाही.

शेवटी १०८६ चं डूम्सडे, म्हणजे इंग्लंडातल्या जमिनीची आणि माणसांची राजाने करवलेली नोंदवही, उघडा, आणि गुलामांची नोंद वेगळी काढा, ती बहुतेकजण सोडून देतात.