व्हॅली ऑफ फायरची छोटी वाट : या चुका टाळा

"जाऊन-येऊन पाऊण मैल तर आहे, पाणी कशाला?" माऊसेस टँक या वाटेच्या पार्किंगमध्ये हे मराठीतही ऐकू येतं. लास व्हेगसहून साधारण ८० किलोमीटरवरचं व्हॅली ऑफ फायर हे नेवाडातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. बहुतेक वाटा छोट्या आणि सोप्या, त्यामुळे मोठ्या ट्रेकला चार बाटल्या भरणारा माणूस इथे नुसता फोन खिशात टाकून निघतो.

वेळच चुकते

भारतातून आईबाबा उन्हाळ्यात येतात, म्हणून त्यांना घेऊन जायचं तेही उन्हाळ्यात. इथे तेव्हा पारा ३८ अंशांच्या वर असतो, कधी ४९ पर्यंतही जातो. उष्म्यामुळे काही वाटा त्या महिन्यांत बंदच ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या. पार्क सूर्योदयाला उघडतं, त्याच वेळी पोहोचा. नाश्ता करून सावकाश अकराला पोहोचणार असाल तर गाडीतूनच पार्क बघा, तेही सुंदर दिसतं. पायी फिरायची खरी मजा नोव्हेंबर ते मार्च.

"घामच येत नाहीये"

सह्याद्रीत चढताना शर्ट पिळून काढावा लागतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि लगेच उडून जातो. टोपीच्या कडेला मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेवढीच खूण. तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा. उन्हात तासाला एक लिटर धरा आणि ते पाठीवर असू द्या, डिकीत ठेवलेल्या पाण्याचा वाटेत काय उपयोग? नुसतं पाणी ढोसू नका, सोबत इलेक्ट्रॉल किंवा खारे शेंगदाणे ठेवा.

फायर वेव्ह नावाच्या वाटेला आणखी एक गोम आहे. दीड मैलाच्या या वाटेवर जाताना उतार आणि येताना चढ, तोही भुसभुशीत वाळूतून. अर्धं पाणी संपलं की फोटो राहिला तरी परत फिरा. उघड्या कातळावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे पुढचा खुणेचा खांब दिसेना झाला तर शॉर्टकट न शोधता मागच्या खांबापर्यंत परत या. आणि चपला नकोत. तापलेली वाळू आत शिरली की पाऊल टाकवत नाही.

टाक्याकडे धावत सुटणं

माऊस नावाचा पायूट या मूळ अमेरिकन जमातीतला एक फरारी १८९०च्या दशकात इथे लपला होता, असं सांगतात. त्याच्या नावाचं टाकं म्हणजे पावसाचं पाणी साठणारा खडकातला खळगा. तिथवर धापा टाकत गेलेल्यांचा बहुधा "एवढंच?" असा चेहरा होतो. खरा ऐवज वाटेतल्या भिंतींवर आहे. लाल वालुकाश्मावर मँगनीज आणि लोहाचा काळपट थर चढलाय, आणि तो टोचून-खरवडून माणसं, मेंढे, नागमोडी रेघा काढल्यात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं आडवी, पायाशी असतात. इथली उभ्या भिंतींवर, बरीचशी डोक्याच्या वर आहेत. म्हणून थांबत, मान वर करून चाला. हात मात्र लावू नका, बोटांच्या तेलकटपणाने तो थर खराब होतो. खडूने रेघ ठळक करून फोटो काढणाऱ्यांना तर काय म्हणावं!

त्रास झालाच तर

डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, म्हणजे चालणं बंद. सावलीत बसा, कपडे सैल करा, मान आणि काखा ओल्या करा, घोट घोट पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. लगेच ९११ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. अशा वेळी जबरदस्तीने पाणी पाजू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

नेटवर्क सगळीकडे मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि परतायची वेळ घरी कुणाला तरी कळवून ठेवा. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही, टाकी व्हेगसमध्येच भरा. जुलै ते सप्टेंबरमध्ये लांबवर ढग गडगडताना दिसले तर कोरड्या ओढ्याच्या पात्रातून आणि अरुंद घळीतून आधी बाहेर या, कारण तुमच्या डोक्यावर थेंबही न पडता तिथे लोंढा येऊ शकतो.