उपसा पंपाच्या मोटारीसाठी सॉफ्ट स्टार्टर : निवड आणि जोडणी

नदीकाठच्या जॅकवेलवर ११० किलोवॅटची, म्हणजे सुमारे १५० अश्वशक्तीची मोटार आहे आणि तिच्या जुन्या स्टार-डेल्टा स्टार्टरच्या जागी सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटार सुरू करणारा स्टार्टर, बसवायचा आहे, असे धरू. बहुतेक वेळा पुरवठादाराला किलोवॅटचा आकडा कळवला जातो, तो त्या आकड्याचा स्टार्टर पाठवतो आणि निवड तिथेच संपते. खरे तर आधी मोटारीने ओढायचे यंत्र पाहावे, कारण सुरू होताना त्याला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजवर उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात आणि प्रत्येक अर्धचक्रात ते किती उशिरा चालू होतात, त्यावर मोटारीला मिळणारे व्होल्टेज ठरते. फ्रीक्वेन्सी मात्र ५० हर्ट्झच राहते; त्यामुळे वेग कमी-जास्त करायचा असेल, तर फ्रीक्वेन्सी बदलणारा व्हीएफडीच घ्यावा लागतो. व्होल्टेज कमी केले की करंट साधारण त्याच प्रमाणात उतरतो, पण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो.

हे आकड्यांत पाहू. आपल्या मोटारीचा पूर्ण लोडचा करंट १९० अँपिअर आणि थेट सुरू केल्यास सुरुवातीचा करंट त्याच्या साडेसहा पट, म्हणजे सुमारे १२३५ अँपिअर आहे. तो साडेतीन पटीवर, म्हणजे ६६५ अँपिअरवर रोखला, तर सुरुवातीचा टॉर्क मूळच्या २९ टक्केच उरतो. थेट सुरू करताना मोटार पूर्ण लोडच्या दुप्पट टॉर्क देत असेल, तर आता ५८ टक्के देईल. सेंट्रिफ्युगल पंपाला हे पुरते, कारण त्याची मागणी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत जाते आणि सुरुवातीला अगदी थोडी असते. भरलेला कन्व्हेयर किंवा आत दगड अडकलेला क्रशर मात्र एवढ्यावर हलणार नाही. अशा ठिकाणी करंटची मर्यादा वाढवावी लागते, म्हणून स्टार्टरही मोठा घ्यावा लागतो. तेवढ्यानेही भागत नसेल, तर स्लिपरिंग मोटार किंवा व्हीएफडी हाच मार्ग राहतो.

आता ट्रान्सफॉर्मरकडे वळू. ३१५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टला पूर्ण करंट सुमारे ४२० अँपिअर असतो. त्याचा इम्पिडन्स (करंटला होणारा अंतर्गत विरोध) साडेचार टक्के धरला, तर मोटार थेट सुरू केल्यावर व्होल्टेज सुमारे १३ टक्क्यांनी आणि सॉफ्ट स्टार्टरने सुमारे ७ टक्क्यांनी बसते. त्याच लाइनवर दुसरा पंप चालू असेल, तर हा फरक त्याच्या कॉन्टॅक्टरला (मोटारीचा पुरवठा जोडणाऱ्या चुंबकीय स्विचला) नक्कीच जाणवतो.

स्टार्टरचा आकार नेमप्लेटवरील अँपिअर पाहून ठरवावा आणि तासाला किती वेळा मोटार सुरू होणार, पॅनेलमधील तापमान किती, हेही कळवावे. ४० अंशांपर्यंतचे रेटिंग मे महिन्यात पत्र्याच्या पंपघरात टिकत नाही. पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर करंट थायरिस्टरमधूनच वाहत राहिला, तर दर अँपिअरला सुमारे ३ वॅट, म्हणजे आपल्या मोटारीसाठी जवळपास ५७० वॅट उष्णता पॅनेलमध्ये साठते. त्यामुळे त्या वेळी करंट थायरिस्टरला वळसा घालून नेणारा बायपास कॉन्टॅक्टर असलेलाच स्टार्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या पॅनेलमधून मोटारीपर्यंत सहा केबल आलेल्या असतात. स्टार्टर मोटारीच्या डेल्टाच्या (वाइंडिंगच्या त्रिकोणी जोडणीच्या) आत जोडला, तर त्यातून लाइन करंटच्या ५८ टक्के, म्हणजे ११० अँपिअरच वाहतात आणि लहान स्टार्टर चालतो. तो त्या जोडणीसाठी बनवलेला असावा आणि सहाही टोकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे तंतोतंत लागावा. नेहमीची जोडणी करायची असेल, तर टर्मिनल बॉक्समध्ये डेल्टाच्या पट्ट्या बसवायला विसरू नये.

जुन्या पॅनेलची आणखी एक गोष्ट महाग पडते. एका योजनेवर नवा स्टार्टर तिसऱ्याच स्टार्टला निकामी झाला. पॅनेल उघडल्यावर सगळे नीटनेटके दिसत होते. पण मोटारीकडे जाणाऱ्या केबलचा मागोवा घेत गेल्यावर पंपाशेजारच्या भिंतीवर, वर्षानुवर्षांच्या धुळीखाली, पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर सापडला. तो थेट मोटारीच्या टर्मिनलला जोडलेला होता. स्टार्टरच्या मोटारीकडील बाजूला कपॅसिटर असेल, तर थायरिस्टर चालू होताना त्यातून करंटचा प्रचंड झटका वाहतो. कपॅसिटर पुरवठ्याच्या बाजूला, वेगळ्या कॉन्टॅक्टरवर ठेवावा आणि मोटार पूर्ण वेगात आल्यावरच जोडावा. तसेच मोटारीला मेगर (इन्सुलेशन तपासणारे उपकरण) लावण्यापूर्वी स्टार्टरच्या केबल सोडवाव्यात. थायरिस्टर बंद असले तरी मोटारीच्या टर्मिनलवर व्होल्टेज असू शकते, म्हणून कामापूर्वी आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) उघडावा.

सेटिंगसाठी सुरुवातीचे व्होल्टेज ३५ टक्के, रॅम्प (व्होल्टेज पूर्ण होईपर्यंतचा वेळ) १० सेकंद आणि करंट मर्यादा ३५० टक्के असे धरून पहिला स्टार्ट घ्यावा. बटण दाबताच शाफ्ट फिरू लागला पाहिजे. मोटार नुसतीच घुमत उभी राहिली, तर सुरुवातीचे व्होल्टेज थोडे वाढवावे. मधल्याच वेगावर रेंगाळली, तर मर्यादा कमी पडते आहे. अशा वेळी रॅम्प लांबवल्याने वाइंडिंग फक्त तापत राहते. सबमर्सिबल पंपाला मात्र हा १० सेकंदांचा रॅम्प चालत नाही, कारण त्याच्या थ्रस्ट बेअरिंगला वंगणासाठी झटपट वेग लागतो. तिथे उत्पादकाने दिलेली काही सेकंदांची मर्यादाच पाळावी.

उपसा योजनेवर सॉफ्ट स्टार्टरचा मोठा फायदा बंद करताना मिळतो. वीज एकदम तोडली, तर पंप क्षणात मंदावतो, चढाच्या पाइपातले पाणी उलटते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन बसतो. सॉफ्ट स्टॉपने हा आघात कमी होतो. नुसते व्होल्टेज हळूहळू उतरवणाऱ्या स्टार्टरमध्ये मोटार बराच वेळ वेग टिकवून धरते आणि मग एकदम पडते. म्हणून टॉर्क नियंत्रित करणारे मॉडेल मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजावेत. वीज गेली, तर मात्र सॉफ्ट स्टॉपही जातो. त्यामुळे पाइपलाइनवरील एअर व्हॉल्व्ह आणि दाबरोधक व्यवस्था काढून टाकू नये.

सेटिंग पक्के झाल्यावर क्लॅम्प मीटरवरचा सर्वाधिक करंट, पूर्ण वेगाला लागलेले सेकंद आणि सगळी सेटिंग एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढे स्टार्टला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर पंपात गाळ अडकला की व्होल्टेज उतरले, याचा शोध त्या कागदापासून सुरू करता येतो.