नवी इमारत, जुनी वस्ती: आवाजाचा अंदाज घेताना या चुका टाळा

मे महिना, जुळे सोलापूर, रात्रीचे साडेअकरा. एका बैठ्या घराच्या गच्चीवर मी मीटर लावून उभा होतो. आकडा ४१ डेसिबल. तेवढ्यात शेजारच्या नव्या इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला आणि आकडा ५२ वर गेला. गादी अंथरत असलेल्या मावशी म्हणाल्या, "दिवसभर कळत पण नाही हो. डोकं टेकलं की सुरू होतंय."

त्या इमारतीची आवाजाची मोजणी आधी झाली होती, पण दुपारी बारा वाजता. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, फक्त दिवसा मोजणं. दुपारी विजापूर रोडची वाहनं चालू असताना पंप मोजणीत दिसणारच नाही. ध्वनी प्रदूषणाच्या नियमात सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि उरलेली रात्र. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात, आणि गच्चीवर झोपणाऱ्याला तर भिंतीचाही आडोसा नसतो. म्हणून रात्री मोजा, निदान दोन-तीन वेगवेगळ्या रात्री, आणि पाया खणायच्या आधी. मूळची शांतता किती होती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी चूक फक्त मर्यादेकडे बघायची. नियमाप्रमाणे तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त हवा. म्हणजे रात्री ५५. मावशींच्या गच्चीवर ५२ होते, कागदावर तक्रार उभी राहत नाही. पण ४१ वरून ५२ म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. अहवालात हा फरक लिहिलाच पाहिजे, निव्वळ "मर्यादेच्या आसपास" लिहून भागत नाही.

मोजताना मीटर भिंतीला चिकटवू नका, परतणारा आवाज आकडा वाढवतो. भिंतीपासून तीनेक मीटर लांब, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, माइकवर वारा अडवणारी टोपी. मोबाइलचं अ‍ॅप स्वतःच्या अंदाजापुरतं ठीक, अहवालात नको. आणि डेसिबलची साधी बेरीज होत नाही: ७५ चे दोन जनरेटर मिळून १५० नव्हे, ७८ होतात.

जनरेटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या प्रकल्पांत इथेच जास्त बिघडतं. १००० केव्हीएपर्यंतच्या (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचं माप) डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा. पेटी तशीच येते. पण उन्हाळ्यात इंजिन तापतं, मग ऑपरेटर पेटीची दारं उघडी टाकतो आणि पेटीचा उपयोगच संपतो. त्याला रागावून काही होत नाही. गरम हवा बाहेर काढायला पुरेशी वाट आणि त्या वाटेवर आवाज शोषणाऱ्या झडपा आधीच बसवा. जागाही बघा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, पण दोन भिंतींमधल्या बोळात तसं होत नाही. नकाशावर रिकामी दिसली म्हणून जनरेटरला दिलेली कोपऱ्यातली जागा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीला लागून असते.

आडोसा करताना पत्र्याचं कुंपण ठोकून समाधान मानलं जातं. खाली वीतभर फट राहिली तर आवाज तिथूनच निघतो. आडोसा वजनदार, सलग आणि यंत्र दिसेनासं करणारा हवा. एवढं केलं तर ५ डेसिबलच्या आसपास फरक पडतो, तिसऱ्या मजल्यावरून यंत्र दिसत असेल तर तिथे काहीच नाही. अशोकाच्या झाडांची एक रांग सावली देते, आवाज अडवत नाही.

उलट दिशेची चूकही आपल्या शहरात होते. साखर पेठ, अशोक चौक या भागांत घर आणि कापडाचे यंत्रमाग एकमेकांना खेटून आहेत. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. तिथे नवी इमारत बांधताना झोपायची खोली मागाच्या भिंतीला दिली, की राहायला आलेल्यांच्या तक्रारी सुरू होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारा माणूस गुन्हेगार ठरतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, पॅसेज घ्या. खिडकी घ्यायचीच असेल तर जाड काचेची आणि घट्ट बंद होणारी. नकाशा कागदावर असताना हा बदल फुकटात होतो.

बांधकाम चालू असतानाचा नियम सोपा आहे. निवासी आणि शांतता क्षेत्रात रात्री १० नंतर आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. शहाबादी फरशी कापायचा कटर घराघराला लागून फिरवण्यापेक्षा एका बंदिस्त खोलीत ठेवा.

मावशींच्या शेजारचा पंप थेट स्लॅबला बोल्ट मारून बसवलेला होता, त्यामुळे थरथर पाइपातून भिंतीत उतरत होती. खाली रबरी पॅड दिले, पाइपला लवचिक जोड दिला, टाकी रात्री नऊच्या आत भरायचं ठरलं. त्यानंतर एका रात्री मुद्दाम साडेअकराला पंप लावून त्याच गच्चीवर, त्याच जागी मोजलं. ४३ आले.