फिनेलचा वास आला म्हणजे गोठा साफ झाला असं नसतंय

कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या बैलं घेऊन येतात, पुढं सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, मग माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, म्हणजे आता तीन-चार महिने जनावरं गावोगाव फिरणार आणि लाळ्या-खुरकूत (तोंडाला-खुरांना फोड आणणारा साथीचा रोग) पण त्यांच्यासंगं फिरणार. दवाखान्यातल्या कन्नड बोर्डावर कालुबायी रोग लिहिलेलं असतंय ते हेच.

मग आपण काय करतो, फिनेलची बाटली आणतो, बादलीत दोन टोपण, पाणी पांढरं झालं की समाधान. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. 2022 ला लंपी (जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग) आला तेव्हा फिनेल चालून गेलं, कारण लंपीच्या व्हायरसवर चरबीचं कवच असतंय आणि ते फिनेल, साबण असल्या गोष्टींनी फुटतंय. लाळ्या-खुरकूतच्या व्हायरसला ते कवचच नाही, उघडाच हिंडतोय, फिनेलला दाद देत नाही. त्याचं दुखणं वेगळं, आंबट किंवा सोड्यासारखं खारं जरा जास्त झालं, म्हणजे पीएच 6 च्या खाली नाहीतर 9 च्या वर गेला, की तो मोडतोय. म्हणून किराणा दुकानातला धुण्याचा सोडा घ्या (खायचा नव्हे हं), 10 लिटर पाण्याला 400 ग्रॅम, आणि कोरडी पूड नसून ओलसर खडे असतील तर किलोभर लागतो, त्या खड्यात निम्म्याच्या वर पाणीच असतंय. ॲल्युमिनियमची किटली त्यात बुडवू नका, खराब होते.

आपल्या देशात लाळ्या-खुरकूतच्या व्हायरसचे ओ, ए आणि एशिया-1 असे प्रकार फिरतात, आणि एकाच प्रकारातले पण काही स्ट्रेन (पोटप्रकार) थोड्याशा आंबटपणाला पडतात, काही जरा तग धरतात. तुमच्या गोठ्यात कुठला आलाय ते डोळ्याला दिसत नाही, तेव्हा सोड्यात काटकसर नको.

कोंबड्यावाल्यांचं गणित आणखी वेगळं. राणीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे दोन व्हायरसचे रोग, त्यात राणीखेत कवचवाला, साध्या औषधाला पडतोय, पण गंबोरो उघडा आणि वर आंबटाला पण भीत नाही, रिकाम्या शेडमध्ये चार-चार महिने टिकतोय. तिथं सोडा-फिनेलवर भरवसा नको, फॉर्मलिन किंवा ग्लुटाराल्डिहाइड लागतं, ते डॉक्टरना विचारूनच, डोळे-नाक सांभाळून.

औषध कुठलंही असू दे, आधी शेण खरवडून पाण्यानं धुवायचं आणि मगच मारायचं, शेणात औषधाचा जोर मरतो. लंपीच्या खपल्या पडलेल्या दिसल्या तर गोळा करून जाळा, कवचवाला असला तरी खपलीत तो महिनाभर राहतोय. ब्लीचिंग आणि ॲसिड एका बादलीत कधी नको, विषारी गॅस सुटतो. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी आहेच, ती चुकवून नुसत्या सोड्यावर बसू नका.

दारात सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकाल ते मात्र रोज सकाळी परत भिजवा, दुपारपर्यंत वाळलं की ते नुसतं पायपुसणं.