लवचिक प्लाय निवडायचा कसा?

‘लूप मारायचाय ना, मग लवचिक प्लाय घे.’ एवढ्या एका वाक्यावर नागपुरात टेबल टेनिसचे कितीतरी प्लाय, म्हणजे बॅटचे रबराखालचे लाकडी भाग, विकले जातात, आणि थोड्याच दिवसांत ‘अगदी नवा, फक्त चार सेशन खेळलेला’ म्हणून तेच प्लाय ग्रुपवर विक्रीला येतात. सल्ला अगदीच खोटा नाही, पण अर्धा आहे. लूप, म्हणजे बॉलला खालून वर घासून पुढची फिरकी (टॉपस्पिन) देणारा फटका, सगळेच मारतात. प्रश्न आहे कुठून आणि कसा.

सुरुवात स्वतःच्या मॅचपासून करा. मोबाइल टेबलामागे ठेवून एक अख्खी मॅच रेकॉर्ड करा. सराव नको, सरावात सगळेच शरथ कमल असतात. दोनच गोष्टी बघायच्या: अटीतटीच्या पॉइंटला तुम्ही टेबलापासून किती लांब असता, आणि बॉल चढताना मारता की उतरू देता. एखादं पाऊल मागे राहून, बॉल खाली येऊ देऊन, लांब हात फिरवून घासत असाल तर लवचिक प्लाय तुमचा. मागे जाऊन चॉप करणाऱ्यांचाही, म्हणजे बॉल वरून खाली कापून परतवणाऱ्यांचाही. टेबलाला चिकटून ब्लॉक (नुसती बॅट धरून बॉल अडवणं), पंच (आखूड ठोसा) आणि सपाट फटका हाच तुमचा खेळ असेल, तर इथेच थांबा आणि कडक प्लाय घ्या. खेळ बदलायचा म्हणून प्लाय बदलणारे खूप असतात. खेळ तोच राहतो, पैसे तेवढे जातात.

मग जाडी बघा. लाकूड तेच असेल तर वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे ५.५ मि.मी.चा प्लाय ६.५ केला तर तो दीडपटीहून जास्त कडक होतो. दिसायला फरक एका मिलिमीटरचा! पाच थरांचा, पूर्ण लाकडी, साधारण ५.५ ते ५.८ मि.मी. जाडीचा प्लाय शोधा. बाहेरचा थर लिंबा नावाच्या लाकडाचा असेल तर मऊ लागतो, कोटो या लाकडाचा असेल तर कडक. हा लिंबा आफ्रिकेतला, आपल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. स्टिगा ऑलराउंड क्लासिक किंवा यासाका स्वीडन एक्स्ट्रा ही जुनी, भरवशाची नावं आहेत. कार्बन, म्हणजे लाकडात बसवलेला कार्बन धाग्यांचा थर, हवाच असेल तर तो गाभ्याला (मधल्या थराला) लागून असलेला घ्या, उदाहरणार्थ बटरफ्लाय इनरफोर्स लेयर एएलसी. विस्कारियासारखा बाहेरच्या थराखालीच कार्बन असलेला प्लाय उत्तमच, पण तो या लेखाचा विषय नाही.

कॅटलॉगमधले स्पीड आणि कंट्रोलचे आकडे सोडून द्या. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही. आणि दुकानात प्लाय अंगठ्याने वाकवून बघू नका, राजेहो. त्याने काहीही कळत नाही, दुकानदार मात्र वैतागतो. त्यापेक्षा दांडा सैल धरून, रबर नसलेल्या पात्याच्या मधोमध बॉल टाका आणि आवाज ऐका. खालच्या पट्टीतला ‘टॉक’ म्हणजे लवचिक, चढा ‘टिक’ म्हणजे कडक. दोन प्लायची तुलना करायची तर बॉल तोच आणि धरायची पद्धतही तीच ठेवा.

आता खरी अडचण. मीही सगळ्यात जास्त अडखळलो ते इथेच: खेळून बघताना नेमकं काय बघायचं? सगळे सांगतात, ‘फील बघ’. फील बघू नका. बॉल रबरावर जेमतेम एक हजारांश सेकंद असतो. हाताला जे गोड थरथरणं जाणवतं ते मेंदूपर्यंत पोहोचेतो बॉल निघून गेलेला असतो. लवचिक प्लाय जास्त थरथरतो, म्हणून तो हातात नेहमीच छान वाटतो. फसगत होते ती नेमकी इथे. बॉल कुठे पडला ते बघा.

त्यासाठी ओळखीच्या कोणाचा तरी प्लाय दोन दिवस मागून घ्या आणि त्यावर स्वतःचीच रबरं लावा. वेगळ्या रबरांवर केलेली तुलना फुकट जाते. पहिल्यांदा जड बॅकस्पिनच्या, म्हणजे उलट्या फिरकीच्या, पुशवर (हलकेच ढकललेल्या बॉलवर) हळू लूप मारत राहा. बॉल नेटच्या वरून कमान करून सहज जातोय का? लवचिक प्लायने इथे फायदा दिलाच पाहिजे. दिला नाही तर पुढे काही करू नका, प्लाय परत द्या. मग मागून पूर्ण जोर लावा. एका मर्यादेनंतर हात कितीही वेगात फिरवला तरी बॉलचा वेग फारसा वाढत नाही. ती मर्यादा तुमच्या नेहमीच्या ताकदीच्या आत येत असेल तर प्लाय तुमच्यासाठी जास्तच मऊ आहे. शेवटी समोरच्याला जोरात टॉपस्पिन करायला सांगा आणि नुसती बॅट धरून ब्लॉक करा. लवचिक प्लायवर असा आळशी ब्लॉक आखूड पडतो, हात थोडा पुढे न्यावाच लागतो. ही सवय तुम्हाला लावून घ्यायची आहे का, ते स्वतःलाच विचारा. हे सगळं सेशनच्या शेवटी, दमल्यावर पुन्हा करा. ताज्या हाताने सगळेच प्लाय बरे वाटतात.

आणि कूलरपासून लांबच्या टेबलावर करा. उन्हाळ्यात आपल्याकडे हॉलमध्ये कूलर लावतात. त्याच्या दमट हवेने रबर ओलसर होतं, बॉल घसरतो आणि शिव्या प्लायला बसतात.

रबराचं एकच सांगतो: लवचिक प्लायवर अगदी मऊ स्पंजचं (रबराखालच्या फोमच्या थराचं) रबर लावू नका. जोरात मारताना दोन्ही दबतात आणि ओल्या उशीवर मारल्यासारखं होतं. मध्यम किंवा कडक स्पंज घ्या.

प्लाय घेतल्यावर रबर लावण्याआधी पाण्यासारख्या पातळ वार्निशचा एकच हात द्या, नाहीतर रबर काढताना लिंबाच्या सालपटी निघतात. वार्निशचा जाड थर दिलात तर पैसे मोजून घेतलेली लवचिकता तुम्हीच कमी कराल. गोंद पाण्याचाच वापरा. सॉल्व्हंटवाला स्पीड ग्लू २००८ पासून स्पर्धांत बंद आहे. आणि मे महिन्यात बॅट गाडीच्या डिक्कीत ठेवून जेवायला जाऊ नका.