कंबरेतलं इंजेक्शन देताना या चुका टाळा

मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे, कंबर आणि सायटिकाची इंजेक्शनं हेच रोजचं काम. शिकायला येणारी पोरं हुशार असतात पण घाई अशी की जणू खाली गाडी नो पार्किंगला लावून आलेत.

"सिरिंज ओढून बघितलं, रक्त नाही, सोडा औषध" हे आधी डोक्यातनं काढा. मागं कागलकडचे एक ऊसवाले काका आले, डाव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल-फोर एल-फाईव्ह) गादी सरकून एल-फाईव्हची नस दाबलेली, म्हणून सुई ती नस बाहेर पडते त्या खालच्या भोकात, एल-फाईव्ह एस-वनला. ज्युनियरनं सी-आर्मखाली (चालू एक्स-रेचं मशीन) सुई झकास बसवली, सिरिंज ओढली, रक्त नाही. "सर, सोडू?" म्हटलं थांब लेका, लाईव्ह चालू ठेव आणि डाय सोड. डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) नसेच्या कडेनं पसरायचा सोडून बारीक दोऱ्यासारखा पळाला आणि गायब. म्हणजे टोक रक्तवाहिनीत! तिथं ट्रायमसिनोलोनसारखं कणवालं स्टेरॉइड गेलं असतं आणि ती नेमकी मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी निघाली असती, तर कण अडकून रक्त तुटलं असतं आणि काका परत उभे राहिले नसते. सुई जरा हलवली, परत डाय, मग डेक्सामेथासोन. त्यात कण नसतात म्हणून या वाटेनं मी तेच देतो, असर कमी टिकतो म्हणणारे म्हणू देत. स्टेरॉइडच्या या इंजेक्शनांनी क्वचित लकवा, दृष्टी जाणं, मृत्यूसुद्धा होतो असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, २०१४ सालीच दिलाय.

नुसत्या समोरच्या फोटोवर सुईची खोली कळत नाही, लॅटरल (बाजूनं फोटो) घ्याच. बाजूची खूण पेशंट बसलेला असताना पेनानं करा, पालथं झोपवल्यावर डावं-उजवं भल्याभल्यांचं चुकतं.

रक्त पातळ करायची गोळी पेशंट सांगतच नाहीत, "हार्टची बारीक गोळी हाय, त्यात काय सांगायचं?" मी गोळ्यांची पिशवीच टेबलावर उलटी करायला लावतो. आणि ती परस्पर बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरला फोन लावायचा.

शुगरवाल्यांची साखर पुढं काही दिवस चढते, आधीच सांगून ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशीचा तो फोन, "काल संध्याकाळपर्यंत मस्त होतं, आज परत दुखतंय, फेल गेलं का?" अहो, काल ती इंजेक्शनात मिसळलेल्या भुलीची कमाल होती, स्टेरॉइडला २-३ दिवस, कधी आठवडा लागतो. पण लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली म्हणाले, तर मी वाट बघा म्हणत नाही, रात्री २ वाजता का असेना, ताबडतोब स्पाईन सर्जनकडं पाठवतो.