बिल्ट-इन ओव्हनचे कपाट करून घेताना या चुका टाळा

ओव्हन अजून दुकानातच आणि कपाट मात्र भिंतीला लागलेले, असा क्रम जळगाव-धुळ्याकडच्या अनेक नव्या घरांत दिसतो आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच असते. साठ सेंटिमीटरचा ओव्हन म्हणजे सगळे सारखेच, असे समजून सुतार काम उरकतो. त्याऐवजी आधी मॉडेल पक्के करावे, त्याच्या पुस्तिकेतला बसवणीचा आराखडा छापून घ्यावा आणि तो सुताराच्या हाती देऊनच प्लाय कापू द्यावा. या वर्गातल्या बहुतेक ओव्हनचा दर्शनी भाग सुमारे 595 मिमी रुंद असतो; कप्प्याची आतली रुंदी 560 ते 568 मिमी आणि खोली किमान 550 मिमी लागते. उंची मात्र मॉडेलप्रमाणे बदलते, तिथे अंदाज चालत नाही.

मापातली सगळ्यात नेहमीची चूक इंच-सुताची आहे. आराखडा मिलिमीटरमध्ये असतो, सुतार मात्र 560 मिमी म्हणजे ‘बावीस इंच’ असे धरतो. बावीस इंच म्हणजे 558.8 मिमी, आणि ओव्हन अडायला तेवढी तूट पुरते. दुसरा फटका मायक्याचा बसतो. बाहेरून 600 मिमीचा खोका 19 मिमी प्लायमध्ये केला, आतून दोन्ही बाजूंना एकेक मिमीचा मायका लावला, की आत नेमके 560 उरतात. बाहेरचाही मायका त्याच 600 मध्ये धरला तर 558. म्हणून सुताराला मायका लावून झाल्यानंतरचे आतले माप सांगावे आणि आराखडा परवानगी देत असेल तर 564 मिमी सांगावे. खोका गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. ते सारखे नसतील तर वर बसलेला ओव्हन खाली अडकतो. कप्पा आधीच तंग झाला असेल तर आतल्या बाजूंचा मायका काढणे हा कमी नुकसानीचा मार्ग आहे. सैल झाला असेल तर दोन्ही बाजूंना प्लायची पट्टी ठोकावी, कारण ओव्हन धरून ठेवणारे दर्शनी स्क्रू त्याच लाकडात शिरायचे असतात.

मापापेक्षाही महाग पडते ती बंद पाठ. कपाटाला पाठीमागे सहा मिमीचा प्लाय मारायचा, ही सुताराची सवय आहे आणि भांड्यांच्या कपाटात ती योग्यही आहे. ओव्हनच्या कप्प्यात मात्र ती घातक ठरते. ओव्हनमधला पंखा आजूबाजूची हवा ओढून आतले इलेक्ट्रॉनिक भाग थंड ठेवतो, त्यामुळे कप्प्यात ताजी हवा आली नाही तर तो तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा स्वयंपाकघरातली हवाच मुळात गरम असते. त्यात पंगतीसाठी बट्ट्यांचे ट्रे एकामागून एक लावले, की निम्म्यात ओव्हन आपोआप बंद पडतो आणि काही वेळाने पुन्हा चालू होतो. हे अतिउष्णतेपासूनच्या संरक्षणाचे लक्षण असू शकते. मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलायला सांगण्याआधी कपाटाची पाठ पाहावी. ओव्हनच्या कप्प्याला पाठ नको. त्याच्या खालची फळी भिंतीपासून साधारण 50 मिमी अलीकडे थांबवावी, आणि पायथ्याच्या पट्टीत जाळी ठेवून हवा खालून आत व वरून बाहेर जाईल अशी वाट करावी. ओव्हन बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालू राहतो, तो बिघाड नाही. भिंतीवरचे बटण दाबून तो थांबवणे, हीच खरी चूक आहे.

सामानाच्या बाबतीत माझे मत थोडे जुन्या मंडळींना न रुचणारे आहे. सातपुड्याच्या सागाचा अभिमान आपल्याकडे रास्तच आहे, परंतु अखंड लाकडाची फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दोन-तीन मिलिमीटरच्या खेळात ते परवडत नाही. आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय बरा. पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, स्क्रू लवकर सैल होतात, आणि ओव्हनचे वजन 30 ते 40 किलो असते, म्हणून प्लायच्याही फळीखाली आडवी पट्टी हवीच. शेजारच्या दारांना पीव्हीसी फॉइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर, लावू नये. उष्णतेने ते कडेपासून सुटते. पुस्तिकेत कपाटाने किती तापमान सहन करावे हे दिलेले असते, बहुधा 90 अंशांच्या आसपास, आणि मायक्याचा गोंदही त्याच हिशेबात निवडावा.

सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागे घेऊ नये. प्लग भिंतीपासून पुढे येतो, तितकाच ओव्हन बाहेर राहतो, आणि वेळ आलीच तर बटणापर्यंत हात पोहोचत नाही. शेजारच्या कप्प्यात 16 अँपिअरचे सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), 4 चौ. मिमी तांब्याची तार आणि खात्रीचे अर्थिंग असावे. कडप्प्याच्या ओट्याखाली ओव्हन बसवताना गॅसची नळी त्याच्या पाठीमागून नेऊ नये, आणि सिलिंडर त्याच खणात तर मुळीच ठेवू नये.

ओव्हन आत सरकवताना दोन माणसे लावावीत आणि दाराच्या मुठीला धरून ओढू नये. त्याने बिजागऱ्या वाकतात. पहिल्यांदा तो रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ तापवावा. कारखान्यातल्या तेलाचा वास आणि थोडा धूर त्या वेळी येतोच. तीन-चार वापरांनंतरही वास गेला नाही आणि तो ओव्हनच्या आतून न येता बाजूच्या फळीकडून येत असेल, तर ओव्हन थंड झाल्यावर बाहेर काढून कडेची पट्टी आणि मायक्याचा गोंद मऊ पडला आहे का, ते तपासावे.